सतराव्या ओळीतलं शिवणयंत्र

"ते शिवणयंत्र माझं होतं," असं म्हणून फ्राऊ पोलनी पेन टेबलावर ठेवून दिलं.

श्यामकांतने कपाळाला हात लावला. दोन महिने थंडीवाऱ्यात सायकल हाणत जर्मनीतल्या या आखन शहराच्या त्या टोकाला खेपा घातल्या, तेव्हा कुठे या बाई साक्षीची सही करायला कचेरीत आल्या होत्या. अर्जातल्या सोळा ओळी सुरळीत पार पडल्या. ओकचं कपाट, सहा खुर्च्या, पिसांच्या चार दुलया, सगळ्याला त्यांनी मान डोलावली. सतराव्या ओळीला माशी शिंकली.

"माझ्या स्वयंपाकघरात होतं," शेजारच्या खुर्चीवरून फ्राऊ ह्युबनर म्हणाल्या. "खिडकीपाशी."

"असेलच. तुम्ही मागून नेलं होतंत."

फ्राऊ ह्युबनर ही श्यामकांतची घरमालकीण. भाड्याने देण्याजोगी एकुलती एक खोली त्याला देऊन त्या स्वतः ओलसर स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर फळी टाकून निजत. भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकत तो आपल्या प्रबंधाची पानं टाइप करी. त्याच टाइपरायटरवर त्याने त्यांचा हा अर्ज टाइप केला होता. युद्धात ज्यांचं घरदार शाबूत राहिलं त्यांनी तीस वर्षं निधीत भर घालायची, ज्यांचं सगळं गेलं त्यांना त्यातून संसार मांडायला पैसे द्यायचे, असा कायदाच या देशाने केला होता. लास्टेनआउसग्लाइश, म्हणजे ओझं वाटून घेणं. त्या पैशांतून पलंग येणार होता, कोळशाची शेगडी येणार होती.

फक्त, गेलेलं घर होतं हे सांगणारा साक्षीदार हवा. युद्धाच्या शेवटी जर्मनांना सोडाव्या लागलेल्या सायलेशियातल्या त्यांच्या गावाची माणसं कुठल्या कुठे पांगलेली. अख्ख्या आखनमध्ये उरल्या होत्या या दोघी, एका भिंतीच्या शेजारणी, आणि दहा वर्षं एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. हिला साक्षीदार ती आणि तिला साक्षीदार ही. आणि दोघींच्या अर्जांत यंत्र तेच!

"आल्झो, हे बघा," कारकून शांतपणे म्हणाला, "यंत्राने रकमेत एका फेनिगचाही फरक पडत नाही. रक्कम तेव्हाच्या मिळकतीवर ठरते. दोघींपैकी एकीने ती ओळ खोडा आणि एकमेकींच्या अर्जावर सह्या करा. पैसे वसंतापर्यंत हातात येतील."

"मी का खोडू?" फ्राऊ पोल म्हणाल्या.

"मग मी तरी का?" फ्राऊ ह्युबनर म्हणाल्या.

श्यामकांतचं डोकं भणाणलं. दहा वर्षांपूर्वी मागे राहिलेलं यंत्र! ते आता कुणाच्या घरात असेल, की भंगारात वितळलं असेल, देव जाणे. आणि त्याच्यासाठी या दोघी इथे हटून बसल्या होत्या. सोमवार हा इन्स्टिट्यूटमधल्या भट्टीवर त्याच्या पाळीचा दिवस. ती पाळी सोडून तो इथे आला होता, हे सकाळपासून त्याने तीनदा ऐकवलं होतं.

"अहो आजी, खोडा की ती मेली ओळ!" तो मराठीतच ओरडला. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. मग तो जर्मनमध्ये म्हणाला, "फ्राऊ ह्युबनर, पुढचा हिवाळाही त्या फळीवरच काढायचाय का?"

"मी चोर नाही, हेर सबनीस."

"चोर कोण म्हणालं?" फ्राऊ पोल उसळल्या. "नाताळाच्या आधी मागितलं होतं मी. नाताळ झाला, नवं वर्ष लागलं, यांचं आपलं आज देते, उद्या देते."

"पट्टा तुटला होता माझ्या हातून. तसंच परत करायचं?"

"मग बसवायचा होतात नवा."

"बसवला. शनिवारी बसवला. सोमवारी सकाळी आणून देणार होते." फ्राऊ ह्युबनर खोकू लागल्या. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "रविवारी गाव सोडून निघावं लागलं."

फ्राऊ पोल हातमोज्याचं टोक ओढत राहिल्या.

"हेर सबनीस, आज वार कोणता?" फ्राऊ ह्युबनरनी विचारलं.

"सोमवार!" श्यामकांत वैतागून म्हणाला. सकाळपासून तो दुसरं काय सांगत होता!

फ्राऊ ह्युबनरनी कारकुनाकडून पट्टी मागून घेतली. टेबलावरचं पेन उचललं. सतराव्या ओळीवर पट्टी धरून त्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश रेघ ओढली, आणि तो कागद फ्राऊ पोलच्या पुढ्यात सरकवला.

फ्राऊ पोलनी त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग पेन घेऊन खाली सही करायला लागल्या.

"सुयांची डबी?" मान वर न करताच त्यांनी विचारलं.

"खणातच आहे."