एकोणीस गैरहजर रुग्ण

त्रैमासिकाकडून लेख तिसऱ्यांदा परत आला. डॉ. अश्विन गायधनींनी पाकीट फोडलं आणि कपाळाला हात लावला.

नाशिकच्या डॉक्टरांचं ते त्रैमासिक सदतीस वर्षं चालू होतं. लेखकाचं नाव झाकून दुसऱ्या डॉक्टरकडून तपासून घेतल्याशिवाय तिथे एक ओळ छापत नसत. तपासणारा कोण, हेही कधी कळायचं नाही. त्यामुळे शिव्या नेमक्या कुणाला द्यायच्या, ही अडचणच होती. अश्विन सरसकट सगळ्यांना देत. सत्त्याण्णवच्या दिवाळी अंकात लेख आला नाही, तर दवाखान्यातलं विभागप्रमुखाचं पद हातचं जाणार होतं.

विषय साधा होता: भातलावणीत पायाला होणाऱ्या जखमा. रुग्ण साठ. त्यांतले एकोणीस पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. कारणाच्या रकान्यात अश्विननी लिहिलं होतं, 'अज्ञान'. तपासणाऱ्याने त्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला होता आणि शेजारी विचारलं होतं, 'हे त्यांनी सांगितलं का?'

झालं. रविवारची सुट्टी गेली. एकाला विचारलं तरी भागेल, असं म्हणत अश्विननी स्कूटर घोटीकडे काढली. यादीतलं पहिलंच नाव पहिल्याच वाडीत सापडलं. झुंबरबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. डॉक्टरांना पाहून ती उठली, भिंतीला धरून. उजव्या पायाला दोनच बोटं उरली होती. अश्विनना फार वाईट वाटलं. मग रागही आला.

"मावशी, वेळेवर आला असता तर बोटं वाचली असती. दर मंगळवारी या, असं बजावलं नव्हतं का मी?"

"आले ना. तीन मंगळवार आले. पहाटच्या यष्टीनं."

"मग मला कशा दिसला नाहीत?"

झुंबरबाईने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"दाराशी तुमचा शिपाई व्हता. म्हणला, डॉक्टर वर बसून पायाच्या जखमांवर काहीतरी लय मोठं लिहितेत, आज कोणाला बघनार नाय. मंग आम्ही दुपारपोत बसायचो आन माघारी यायचो." ती हळूच खाली टेकली. पाय पुढे घेतला.

"झालं का लिहून?"