सातव्या पट्टीवरचं नाव

लेखनिक तिसऱ्या पट्टीपाशी आला होता, आणि पाथरवटाच्या आईचं नाव सातव्या पट्टीवर होतं.

वेशीबाहेरच्या स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याची प्रत्येक आडवी पट्टी कोणी ना कोणी दान केलेली होती, आणि देणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरलेलं होतं. कुंभाराच्या सुनेचं दान. दोघा विणकर भावांचं दान. बहुतेक नावं पाथरवटानेच कोरली होती. पावसापाण्याने त्यांच्यावर शेवाळ आणि चुन्याचे पापुद्रे चढले होते, म्हणून सकाळी शिपायांनी त्यालाच घरातून उचलून आणलं. त्याने पुढे राहून अक्षरं साफ करायची, मागून लेखनिकाने ती वाचून लिहून घ्यायची. त्याच्याही मागे दुसरा लेखनिक होता. तो तीच अक्षरं पुन्हा वाचून यादी ताडून बघत होता.

"एक नाव जास्त झालं तर माझा हात तोडतील," पहिला लेखनिक म्हणाला होता. "नीट साफ कर."

"आणि एखादं कमी झालं तर?"

लेखनिकाने पुढच्या पट्टीकडे बोट केलं.

शहर पडून तीन दिवस झाले होते. नवा सम्राट यज्ञयागवाला, भिक्षूंचं नाव काढलं तरी भडकणारा, असं लोक म्हणत. लोकांच्या जिभेला हाड नसतं खरं, पण हे खोटं असेल असं पाथरवटाला काही वाटेना. भिक्षू केव्हाच पसार झाले होते. उरली होती ती ही नावं, आणि त्यांना काही पळता येत नव्हतं.

एक नाव लिहून झालं की एक शिपाई वेशीतून आत धावे. थोड्या वेळाने त्या नावाचं सगळं घर बाहेर आणलं जाई. कुंभाराची सून आली ती रडतच, कडेवर मूल घेऊन.

"निदान दोन भांडी तरी घेऊ द्या," तिचा सासरा गयावया करत होता.

"काही घ्यायचं नाही. बोलायचं नाही. चढा."

शिपायाने म्हाताऱ्याला उचलूनच गाडीत ठेवलं, आणि गाडी नदीकडे निघून गेली. दुसऱ्या बाजूने गवताच्या पेंढ्यांनी लादलेल्या गाड्या शहरात शिरत होत्या. घोडे फार दिसतात यांचे, पाथरवटाच्या मनात आलं. भीतीने गाळण उडालेल्या माणसाला काय सुचेल याचा नेम नाही.

त्याच्या घरात आई होती, बायको होती आणि पाळण्यातली पोर होती. कालच तो आईला म्हणाला होता, "तुझं नाव खरवडून टाकतो."

"खबरदार! त्या पट्टीसाठी तीन वर्षं भिक्षूंच्या बागेला पाणी वाहिलंय मी. जन्मात पहिल्यांदा माझं म्हणून कुठे काही लिहिलं गेलं. त्याला हात लावलास तर तुझं तोंड बघणार नाही."

"तोंड बघायला तू शिल्लक राहायला हवीस ना, आई!"

आता तो सातव्या पट्टीपुढे बसला होता. त्याने बोथट टाकी खाली ठेवली आणि धारेची उचलली. आईचं नाव म्हणून त्याने ही अक्षरं सगळ्यांपेक्षा खोल कोरली होती. तेच आता नडत होतं. एक ओळ गेली. दुसरी निघेना.

"एवढा वेळ का लागतोय रे?" पाचव्या पट्टीपासून लेखनिकाने विचारलं.

"चुना घट्ट बसलाय, मालक."

लेखनिक सहाव्या पट्टीवर वाकला तेव्हा शेवटचं अक्षर गेलं. पाथरवटाने ओल्या वाळूने दगड घासला. ताज्या दगडाचा पांढरेपणा झाकायला बाजूचं शेवाळ आणि चिखल बोटांनी त्यावर चोपडला. हे काम दुसऱ्या कोणाला साधलं नसतं. आईला तो मनातल्या मनात म्हणाला, हवं तर जन्मभर बोलू नकोस.

लेखनिक आला. त्याने पट्टीवरून बोटं फिरवली.

"ही कोरी?"

"पहिल्यापासून कोरीच. नाव न घालता देणारीही असतात माणसं."

दुसरा लेखनिक वाकला, त्याने पाहिलं आणि मान डोलावली.

पुढच्या पट्ट्या सूर्य बराच वर येईपर्यंत चालल्या. तेवढ्या वेळात आणखी अकरा घरं गाड्यांतून गेली. विणकर भावांपैकी धाकट्याने जाता जाता पाथरवटाकडे पाहिलं. पाथरवटाने खाली बघितलं. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाजेने कोणी मरत नाही.

शेवटची पट्टी लिहून झाली. दुसरा लेखनिक यादीवर खूण करून घोड्याकडे गेला.

"पाथरवटा," पहिला लेखनिक म्हणाला, "इतकी नावं कोरलीस. तुझ्या घरातलं एकही नाही?"

हा फास आहे, पाथरवटाने ओळखलं.

"नाही, मालक. आम्ही फक्त कामाला. आमचा या धर्माशी काय संबंध?"

"आई? बायको? आठवून बघ."

"कोणी नाही."

लेखनिकाने यादी गुंडाळली. वेशीचे दरवाजे लोटल्याचा आवाज आला.

"आता सांगायला हरकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी बोललो असतो तर सगळं शहर गाड्यांवर तुटून पडलं असतं. सेनापतींची आई याच धर्माची आहे. तिने पदर पसरला म्हणून सम्राटांनी एवढी घरं सोडली. दगडावर नाव असेल तेवढीच, एकही जास्त नाही. बाकीचं शहर दुपारी माणसांसकट पेटवायचं आहे."

पाथरवटाची नजर सातव्या पट्टीकडे गेली.

"सकाळपासून माझ्याबरोबर राबलास," लेखनिक म्हणाला. "तुझं घर कुठेतरी सापडेल म्हणून मी प्रत्येक पट्टी दोनदा वाचली रे."