आठ मिलिमीटर

दोघींचा नंबर एकच, मग नवा चष्मा कशाला, म्हणून सासूबाई गेल्यावर नवऱ्याने त्यांचा चष्मा माझ्या नाकावर चढवला. तेव्हापासून माझं डोकं ठणकतंय आणि घरात सगळे म्हणतात, नाटकं करते. आज मुलुंडच्या चष्म्याच्या दुकानात काड्या घट्ट करायला आलो आणि डोकेदुखीचं ऐकून तिथल्या मुलीने माझ्या डोळ्यांसमोर मोजपट्टी धरली. "माझ्याकडे सरळ बघा, ताई." मग तिने चष्म्याचंही माप घेतलं. "तुमच्या बुबुळांमधलं अंतर सहासष्ट मिलिमीटर, हा चष्मा अठ्ठावन्नचा. डोकं दुखणारच." नवरा म्हणाला, "आठ मिलिमीटरने काय होतंय? आईची आठवण आहे ती. घाल." मी चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि त्याच्याच नाकावर चढवला. "आई तुझी, आठवण तुझी. तूच घाल." दोन पावलांत तो काउंटरवर आदळला. "अगं, गरगरतंय मला!" मी म्हणाले, "नाटकं करू नकोस."