पहिली फेरी राजूरची

पहिला प्लग जागचा हलेना. श्रीपतीने पाना लावला, दात आवळले आणि जोर दिला. पाना सटकला आणि हात बॉनेटवर आपटला.

"उलटा फिरवून राह्यले का?" ओट्यावरून त्याच्या बायकोने, प्रेमलाने विचारलं. ती शेंगा फोडत बसली होती.

"सुलटाच फिरवतोय."

"मंग उलटा फिरवा."

त्याने उलटा फिरवला. प्लग निघाला. प्रेमलाने एक शेंग जरा मोठ्याने फोडली.

तिला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, उजेड आणि सावली तेवढी कळायची. गुरुवारी जालन्याला डोळ्यांचा डॉक्टर येणार होता. श्रीपतीने नाव घालून ठेवलं होतं, पण प्रेमला अडून बसली होती. जागीरदार कायमचा हैदराबादला गेला, तेव्हा पडून राहिलेली मोटार आपल्या कारकुनाला, म्हणजे श्रीपतीला, देऊन गेला. घरात गाडी आली की पहिली फेरी राजूरच्या गणपतीला, असा तिचा नवस होता. तो फिटल्याशिवाय ती डोळ्याला हात लावू देणार नव्हती.

"देव आधी, डाक्टर मंग," एवढंच ती म्हणायची.

प्लग आणि कॉइल याकूबने आणून दिली होती. याकूब जालन्याला प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होता.

"एवढं तुम्ही घरीच बसवा, श्रीपतराव," तो म्हणाला होता. "बाकीचं सामान हैदराबादहून येईल. महिना लागंल."

"महिना कुठला? गुरुवारी डाक्टर येतोय."

"मंग कसं करता?"

"इंजिन तर चालू होऊ दे."

श्रीपतीने आयुष्यात पानासुद्धा धरला नव्हता. चारही प्लगच्या तारा सारख्याच दिसत होत्या. कुठली कुठे लावायची, या विचाराने त्याला घाम फुटला.

"माझ्या पेटीतला दोरा घ्या," प्रेमला म्हणाली. "पहिल्या तारेला एक गाठ, दुसरीला दोन. मी माझ्या डब्यांना अशाच बांधते."

त्याने गाठी बांधल्या. नव्या प्लगची फट नखाच्या जाडीएवढी ठेवायची, असं याकूबने सांगितलं होतं. प्रेमलाने चारही प्लग हातात घेऊन नख घालून पाहिलं आणि एक परत दिला. "ह्याची जास्त हाय."

शेजारचा कारभारी कुंपणावरून पाहत होता. थंडीने त्याचा घसा बसला होता, तरी बोलायची हौस होतीच. "श्रीपतराव, ह्याच्यापेक्षा बैल बरा! त्याला तारा नसतात."

"तुला पण एक तार लावतो, थांब."

कॉइल बसली. श्रीपतीने हँडल मारलं. धाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि गाडीखालच्या कोंबड्या ओरडत पळाल्या. कारभारी हसता हसता खोकू लागला.

प्रेमला उठली. गाडीला हात लावत, चाचपडत, पूर्ण वळसा घालून पुढे आली. मध्ये एकदा खाली वाकली, पदर सावरला आणि बॉनेटपाशी पोचली. तिने एकेक तार बोटांनी पाहिली.

"तीन गाठींची दोनवर लावलीय तुम्ही. दोनची तीनवर."

त्याने तारा बदलल्या आणि हँडल मारलं. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि एकदम सुरू झालं. श्रीपती लहान पोरासारखा ओरडला. प्रेमलाने टाळ्या वाजवल्या. कारभाऱ्याची बायको नंदाबाई गूळ घेऊन आली आणि तिने तो सगळ्यांच्या हातावर ठेवला, आधी गाडीच्या बॉनेटवर.

बुधवारी सकाळी प्रेमला नवं लुगडं नेसून तयार झाली. याकूबही आला होता. गाडीत चढताना तिचा पाय अडखळला.

"उंच हाय हो गाडी."

"जागीरदाराची हाय. उंचच असणार."

इंजिन घरघरलं. श्रीपतीने दोनदा हॉर्न वाजवला. याकूब मागे लटकून उभा होता. गाडी हादरू लागली. "नाला आला, घट्ट धर," श्रीपती म्हणाला आणि गाडी गदागदा हलली. प्रेमला खळखळून हसली. लग्नात हसली होती तशी.

"रस्त्याला सावली लई हाय," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"कडुलिंबं लावलीत सरकारनं."

"लवकर वाढली."

राजूर सात मैलांवर. श्रीपती वाटेतलं एकेक गाव सांगत होता, ती "हो का?" म्हणत होती. मग इंजिन थांबलं. त्याने तिला हात धरून उतरवलं, चार पावलं नेलं. घंटा वाजली. घोगऱ्या आवाजात कुणीतरी मंत्र म्हटला. तिच्या हातात फूल आलं, नारळ फुटल्याचा आवाज झाला. प्रेमलाने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. बाजूला नंदाबाई डोळ्याला पदर लावून उभी होती.

परतीला ती त्याच्याजवळ सरकून बसली. श्रीपतीचा हात तिने सोडला नाही, तो स्टीअरिंगवर होता तरी.

संध्याकाळी त्याने भीतभीत विचारलं, "मंग उद्या?"

"उद्या जायचं. देवानं मानून घेतलं."

श्रीपतीला काय करावं ते कळेना. तो उठला, बसला, पुन्हा उठला. "याकूबला सांगतो. पहाटेच निघू."

"जाताना ही सुंठ कारभाऱ्याला द्या," तिने पुडी पुढे केली. "सकाळी मंत्र म्हणताना लई खरखरत होता."

पुडी हातात धरून श्रीपती उभाच राहिला.

"आणि जालन्याला याकूबच्या मोटारीनं जाऊ," प्रेमला म्हणाली. "तिला चाकं हायत."