जून शेंगा

"त्या वेलाला हात लावू नका," कुलूपवाले काका मागच्या दारातूनच म्हणाले.

घेवडामावशींचा हात शेंगेपाशी जाऊन थांबला. परसातल्या जाळीवर वेल वाळून काडी झाला होता. पत्र्याच्या आडोशाला होता, म्हणून पावसानं कुजवला नव्हता इतकंच. जागोजागी निळ्या चिंध्यांच्या गाठी होत्या, काकूंच्या जुन्या गाऊनच्या. गाठ मारून झाली की काकू वेलाला हलकीच चापटी द्यायच्या. "बस आता मुकाट्यानं." हे काकांनी खिडकीतून पाहिलेलं. तेव्हा हसू आलेलं.

"भाऊ, गल्ली पालथी घालून आलेय मी," मावशी म्हणाल्या. "एका घरात एक दाणा नाही."

साथीत बाजाराला टाळं लागलं, तेव्हा मावशींनीच दारोदार मूठमूठ बी वाटलं होतं. जांभळ्या घेवड्याचं. पोरं काकांना चिडवायची, "काका, गल्लीभर कुलपं उघडता, बाजाराचं तेवढं उघडा की!" ते कुलूप काही उघडलं नाही. पण घराघरांत घेवडा शिजला आणि मावशींना नाव पडलं.

"वाटलंत ते सगळं गेलं कुठं?"

"पोटात! कोवळ्या कोवळ्या खुडल्या आणि खाल्ल्या. एकानंही चार शेंगा जून होऊ दिल्या नाहीत. काय तर म्हणे, जून झाल्यावर चव जाते." मावशी पायरीवर टेकल्या. "आणि माझ्या डब्याला भुंगा लागला. नुसतं पीठ उरलंय."

"बाजार उघडलाय आता. मिळेल की."

"घेवडा मिळेल. हा नाही मिळायचा."

गल्लीत सगळ्यांचं सगळं उघडलं होतं. त्यांचंही दुकान उघडलं होतं. दिवसभर लोकांच्या किल्ल्या घासायच्या, संध्याकाळी घरी यायचं, आणि परसाचं दार तेवढं लावून ठेवायचं. तिथं बायकोनं बांधलेलं जसंच्या तसं होतं. त्याला हात लागला की तिचा हात पुसला जाईल, असं काहीतरी त्यांच्या मनात बसलेलं.

मावशींनी वाकून वेलाच्या बुडाशी साचलेला पाला बाजूला केला. खाली काळी, ओलसर माती. एक गांडूळ आळस देत आत शिरलं.

"वहिनींनी सालं, पाला सगळं इथंच घातलंय वाटतं."

"तुम्हीच सांगितलं होतंत ना, माती उघडी ठेवायची नाही म्हणून. ती पांघरूण घातल्यासारखं घालायची. ती गेल्यावर मी काही झाडलं नाही. आळस हो, दुसरं काय."

"बरं केलंत. गल्लीत कुणाकडे अशी माती नाही. मातीला काय कळतंय, माया कुठली आणि आळस कुठला."

मग मावशींनी वेलाला हात न लावता, लांबूनच, एका शेंगेवर फुंकर मारली. शेंग हलली. आत खुळखुळलं.

"अजून आहे जीव. पण शेंगेत किती दिवस राहील? भुंगा इथंही येईल."

काका बराच वेळ उंबऱ्यावर उभे राहिले. मग चप्पल न घालताच खाली उतरले. गाठ सोडायला घेतली. बोटं कुलपांना सरावलेली, तरी सुटेना. घट्ट मारली होती तिनं. शेवटी गाठ तशीच राहू दिली आणि शेंग तेवढी खुडली. मग दुसरी. मग मोजायचं सोडून दिलं.

मावशींनी ओच्यात दाणे सोलले. अर्धे स्वतःकडे ठेवले, अर्धे काकांच्या तळहातावर दिले.

"मला नाही येत हे."

"वहिनींना तरी कुठं येत होतं? हा बघा, दाण्याचा डोळा. हा मातीकडे करायचा. वर केलात तर कोंबाला वळसा घालून यावं लागतं बिचाऱ्याला."

काका उकिडवे बसले. चष्मा कपाळावर सारून दाण्याचा डोळा शोधला. बोटानं मातीत खळगा केला. माती मऊ होती, बोट सहज आत गेलं. दाणा ठेवला, पाहिला, पुन्हा उचलून नीट ठेवला. वर माती सारली. मग पुढचा खळगा, पुढचा दाणा. ओळ जाळीच्या टोकापर्यंत गेली. किती दिवसांनी त्यांना असा सगळ्याचा विसर पडला होता.

हातांची माती झटकत, मान न वळवताच त्यांनी घराकडे हाक दिली, "अगं, जरा पाणी आण गं तांब्याभर!"

घेवडामावशींनी वर पाहिलं नाही. त्या शेवटच्या दाण्यावरची माती दाबत राहिल्या.