तीनशे त्र्याण्णव ग्रॅम

कौशल्या मेश्रामने दगडाचा तुकडा तराजूतून काढला, पुन्हा ठेवला आणि काटा थांबायची वाट पाहिली. तीनशे त्र्याण्णव ग्रॅम. तासापूर्वीही तेवढेच.

वही घेऊन ती थेट बक्षीसाहेबांच्या टेबलाशी गेली. नागपूरच्या त्या भूजल प्रयोगशाळेत ती रोजंदारीवर होती. बोलावल्याशिवाय तिथवर कधी जात नसे.

मुकुंद बक्षी ट्रंक कॉल लागायची वाट पाहत होते. सावनेरकडच्या एका गावात बोअर खोदणारी मशीन दोन दिवस थांबून होती. त्र्याहत्तरचा मे; गाव टँकरवर जगत होतं. बोअरमध्ये सोडलेल्या यंत्राचा आलेख सांगत होता, खालच्या वालुकाश्मात शंभराला बावीस भाग पोकळी आहे, पाणी भरपूर मावेल. त्याच थरातल्या दगडाचा प्रयोगशाळेतला आकडा होता आठ. बक्षींनी दगडावर विश्वास ठेवला. यंत्र बिघडलंय, बोअर सोडून द्या, असं ते कळवणार होते.

"सायेब, वजन चुकलं. माह्याच हातून."

बक्षींनी वर पाहिलं.

"परवा लाईन गेली होती, भट्टी चार घंटे बंद होती. दगड आतमधी वाळून राह्यला होता. मी ते घंटे धरलेच नाही. दगडात ओल होती, अन् मी कोरडा म्हणून तोलला. चारशे एकोणीस लिवलं. काल पुन्हा वाळत घातला. आता याच्या खाली उतरत नाही."

पाणी प्यालेला दगड कोरड्यापेक्षा जितका जड, तितकी त्यात पोकळी; बक्षींनी वही ओढून नव्या वजनाने गणित मांडलं. एकवीस पूर्णांक सहा. त्यांनी ते दुसऱ्यांदा मांडलं.

"चूक तुमच्या नावावर जाईल," ते हळू म्हणाले. "रोजंदारीवर आहात. वरचे काय करतील, मला सांगता येत नाही."

"लिवा, सायेब."

फोन वाजला. "मशीन हलवू नका," बक्षी म्हणाले. "आणखी खाली जा."

नवव्या दिवशी ते सावनेरहून परतले ते थेट तिच्या तराजूपाशी आले. बुटांना ओला चिखल होता.

"दिवसभर पंप चालला. पाणी आटलं नाही." ते पुढे म्हणाले, "वर अहवाल पाठवलाय. चूक लिहिली, ती कुणी पकडली तेही लिहिलं. तुमचं काम चालू राहील. पण कौशल्याबाई, आम्ही सगळे यंत्रालाच नावं ठेवत होतो. तुम्ही गप्प बसला असता, तर कुणाला कळलं असतं?"

कौशल्याने भट्टीतून पुढचा दगड काढला.

"यंत्राले बोलता येत नाही, सायेब," ती म्हणाली. "मले येते."