गोरवांची माळ

"मांय, आज तरी थंय खाणीकडे जाऊ नका." समीक्षाने सासूचं दार अडवलं.

"अगो, आजच जायचं. गोरवांचा पाडवा ना? गुरांना ओवाळल्याशिवाय जेवायचं कसं?"

"गुरं कसली, रानटी जनावरं ती! बाबांचं काय केलं ते विसरलात? आणि ही बोटं बघा, सोलून निघालीत. झेंडू ओवून कुणाची बोटं सोलतात?"

"काथ्यात ओवलेत गो. दोरा टिकत नाही." देवकीने माळ खांद्यावर घेतली.

सुर्ल्यात खाण आली, शेतं गेली, तेव्हा लोकांनी गुरं रानात सोडली. पुढे खाण बंद पडली, पण गुरं परतली नाहीत. त्यांची वासरं तर माणसाला ओळखेनाशी झाली. मागच्या पाडव्याला देवकीचा नवरा गुरुदास माळ घेऊन तिकडे गेला. आपल्याच कपिला गायीचा पाडा, आता दांडगा बैल झालेला, कितीही रानात वाढला तरी घरचाच, असं म्हणत. पाड्याने त्याला शिंगांवर घेतलं; तो जागीच गेला. तेव्हापासून खाणीकडे कुणी फिरकत नाही.

देवकीने त्याच दिवशी देवापुढे बसून मीठ खायचं सोडलं. कशासाठी, ते देवालाच ठाऊक. आपल्या वाटणीचं मीठ पदरात बांधून ती रोज पाड्याला नेऊ लागली. आधी दगडावर ठेवून लांब उभी राहायची. मग जवळ. मग तळहातावर.

"देवमाणूस गो ती," शेजारचा सगुण म्हणायचा. "घोवाला मारणाऱ्याला घास भरवते. मी असतो तर कोयताच घेतला असता!"

खाणीच्या कडेला रोजचं काजूचं झाड होतं. देवकीने अर्धी माळ त्याच्या बुंध्याला वेढून वाहिली आणि हाक मारली.

झुडपं हलली. पाडा आला. त्याचा ऊन श्वास तिच्या मनगटावर आला, खरखरीत जीभ तळहातावरच्या मिठावर फिरली. शिंगं छातीपासून वीतभर लांब होती. देवकीचा हात हलला नाही. तिने त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, माळेचं उरलेलं टोक गळ्यात घातलं.

मग नमस्कार करून मागे फिरली. पाडा सवयीने तिच्यामागे निघाला.

काजूचं झाड गदगदा हललं. झेंडू गळून पडले. काथ्याचा फास आवळत गेला.

देवकीने मागे पाहिलं नाही.

"खाल्लं त्याने?" दारातच समीक्षाने विचारलं.

"खाल्लं." देवकीने पाय धुतले, देवाला हात जोडले आणि पाटावर बसली. "वाढ आता. आणि मीठ दे गो."